तिसरा नाका

भागीरथानं मोहफुलांची टोपली खाली ठेवली, मोठ्या दगडावर चढली आणि मोबाईल उंच धरला. पोंभुर्ण्याकडच्या या जंगलात रेंज मिळायची ती एवढ्याच जागी. दोन दांड्या आल्या, गेल्या. प्रवीणचा फोन नव्हता.

तिचा मुलगा आखातात वेल्डर होता. शेजारी युद्ध पेटलं, विमानतळ बंद पडला, तेव्हा तिथल्या तीन छोट्या देशांनी आपसात ठरवलं. अडकलेल्या कामगारांना एकानं हद्दीपर्यंत आणायचं, दुसऱ्यानं पुढं न्यायचं, तिसऱ्यानं विमानात बसवायचं. प्रत्येक नाक्यावरून प्रवीण फोन करणार होता. दुसऱ्या नाक्यावरून तो काल दुपारी बोलला, तिसऱ्यावरून अजून नाही.

"छोटे देश हायत, माय. एकट्यानं कोणाचंच निभत नाई. तुमच्या मोहावाल्या बायांसारखंच समज."

ते तिला लगेच समजलं होतं. नाल्याअलीकडचं तिचं गाव आणि पलीकडचं, दोन्ही मोहाच्या झाडांवरून पिढ्यान् पिढ्या भांडत आलेली. गेल्या वर्षी वाघानं दोन्हीकडची एकेक बाई नेली. तेव्हापासून बाया एकत्रच वेचतात. थोड्या थोड्या वेळानं एक जण नावं पुकारते. जिचं नाव, तिनं ओ द्यायची. ओ आली नाही, तर सगळ्यांनी टोपल्या टाकून तिच्याकडे निघायचं.

कालचा फोन तुटण्याआधी मागं काहीतरी मोठ्यानं फुटलं होतं. ते तिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

पाचोळा वाजला. भागीरथा दचकून वळली. काठ्या आपटत, आरडत बाया येत होत्या. पुढं पलीकडच्या गावची सोनीबाई, अनवाणी, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या.

"तीनदा पुकारलं. ओ द्याले तोंड नाई का तुले?" सोनीबाईला धाप लागली होती. "आमी तं तुह्यं लुगडं हुडकाले निघालो होतो."

भागीरथानं मोबाईल पुढं केला.

"त्याचा फोन नाई आला. काल बोलता बोलता तिकडं काईतरी फुटलं."

सोनीबाईनं भागीरथाची टोपली उचलली आणि पुढं चालू लागली.

वेचणं पुन्हा सुरू झालं. काही वेळानं सोनीबाई नावं पुकारू लागली. एकेक ओ आली. भागीरथाचीही आली. सगळी नावं संपली. मग आणखी एक नाव सोनीबाईनं पुकारलं.

"प्रवीण..."

मोहाची दोन फुलं पाचोळ्यावर पडली. दुसरा आवाज नव्हता.

बायांनी एकेक करून टोपल्या खाली ठेवल्या आणि रेंजच्या त्या दगडाच्या दिशेनं निघाल्या.