एका खांबावरच्या दोघी

मी एक जुनी टपालपेटी आहे. पत्र्याची, हिरवी, पोटानं गोल. माझ्या उजव्या कुशीला लाल पत्र्याची छोटी झेंडी आहे. घरातून पत्र पाठवायचं असलं की मालकीण ते माझ्या पोटात ठेवते आणि झेंडी वर करते. मग टपालवाल्या अर्लीनबाई गाडी थांबवून ते घेऊन जातात. मिनेसोटातल्या या खडीच्या रस्त्याच्या कडेला माझे वीसेक हिवाळे गेले आहेत.

मित्रांनो, मला दुकानातून आणलं ते वेंडेल लुंडीननं. जमिनीत विंधणविहिरी खणणं हा त्याचा धंदा. त्यानं माझ्यासाठी खड्डा खणला, देवदाराचा खांब रोवला आणि माझ्या अंगावर एक मासा रंगवला. तो मासा कमी आणि बटाटा जास्त दिसतो. पण आख्ख्या रस्त्यावर मासा असलेली पेटी मी एकटीच होते.

मग शेजारच्या घरात हालिमा वारसामे राहायला आली. ती मूळची सोमालियाची. तिलाही पेटी हवी होती. तेव्हा थंडीनं जमीन दगडासारखी झाली होती. वेंडेल म्हणाला, "आता कुठे दुसरा खड्डा खणू? लावू इथेच." आणि माझ्या खांबावर आडवी फळी ठोकून त्यानं तिची पांढरी पेटी माझ्या शेजारी बसवली. जगभर जमिनीला भोकं पाडत हिंडणारा हा माणूस, त्याला नेमका तेव्हाच खड्डा खणायचा कंटाळा यावा! एका खांबावर दोन पेट्या म्हणजे एका चुलीवर दोन जावा. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

माझ्या वाट्याला यायची विजेची बिलं आणि बियाण्यांच्या जाहिराती. तिच्या वाट्याला काय यायचं? हालिमा एक लहानशी संस्था चालवते. तिच्या गावाकडच्या बाळंतिणींच्या दवाखान्याला औषधं पाठवते. त्यासाठी लोक देणग्या पाठवायचे, शाळेतली मुलं रंगीत चित्रं पाठवायची. अर्लीनबाई त्या पांढरीचं दार उघडताना म्हणायच्या, "आज काय गं, दिवाळं काढलंस का गावाचं?" आणि हसायच्या. माझं दार मात्र त्या न बघताच बंद करायच्या.

मग वेंडेल आफ्रिकेतल्या एका वाळवंटी देशात विहिरी खणायला गेला, आणि तिथल्या बंदूकवाल्यांनी त्याला धरून ओलीस ठेवलं. त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. मार्नीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्या मालकिणीनं, त्याची वाट बघत असल्याची खूण म्हणून पिवळी फीत खांबाला बांधली. खांबाला! म्हणजे ती फीत अर्धी माझी आणि अर्धी त्या पांढरीची झाली. वेंडेल माझा, मासा माझा, आणि फितीत वाटा हिचा. मला सांगा, कुणाला राग येणार नाही?

त्यानंतर माझ्या पोटात करखात्याची पत्रं यायला लागली. वेंडेलनं मुदतीत कराचा हिशेब भरला नाही, म्हणून दंड. दंड भरला नाही, म्हणून व्याज. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याची सही हवी होती त्यांना! मार्नी ते पाकीट उघडायला घाबरायची. मग हालिमा साम्बूसांचा, म्हणजे तिच्याकडच्या समोशांचा, डबा घेऊन यायची, आणि दोघी माझ्यासमोरच उभ्या राहून ते वाचायच्या.

"अबायो, आधी खा," हालिमा म्हणायची. तिच्या भाषेत अबायो म्हणजे बहीण. "रिकाम्या पोटी सरकारची पत्रं वाचू नयेत. पित्त होतं."

"तुझ्या तिखटानं होतं ते," मार्नी म्हणायची, आणि खायची.

एके दिवशी मार्नी धावतच रस्त्यावर आली. राजधानीत एक विधेयक आलं होतं. परदेशात ओलीस असलेल्यांच्या कराची मुदत थांबवायची, त्यांचा दंड माफ करायचा. खासदारांना पाठिंब्याची पत्रं हवी होती. मला केवढा आनंद झाला! पहिल्यांदाच माझ्या पोटातल्या कागदांसाठी कुणीतरी कायदा करत होतं.

पण त्या विधेयकाला दुसरा भाग होता. एखादी संस्था दहशतवाद्यांना मदत करते असं एका मंत्र्यानं ठरवलं, की त्या संस्थेची करमाफी काढून घ्यायची. ती करमाफी गेली की देणग्याही आटतात. हालिमाचा चेहरा उतरला.

"मार्नी, पहिला भाग हवाच. पण दुसऱ्यात तो एकच माणूस आरोप करणार आणि तोच निकाल देणार. माझं आडनाव वारसामे, औषधं जातात सोमालियाला. शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो?"

"तू काही वाईट करत नाहीस ना? मग घाबरतेस कशाला?"

हालिमानं शाल घट्ट ओढून घेतली. मार्नीचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याला डांबणाऱ्यांनाही कुणीतरी पैसे पुरवले असतीलच की!"

"असल्यांना धराच. पण आधी पुरावा दाखवा, एवढंच म्हणते मी. आणि हे तू मला सांगतेस? मला?"

दुसऱ्या दिवशी हालिमानं स्वतः पाना आणून आपली पेटी सोडवली. जमीन पुन्हा गोठलेली, म्हणून तिनं ती आपल्या फाटकापाशी दुधाच्या जुन्या कॅनवर बांधली. मी खांबाची एकटी राणी झाले. खरं सांगते, मित्रांनो, असं सुख मी कधी भोगलं नव्हतं. फळी माझ्या बाजूला कलली, माझ्या दाराला फट पडली आणि त्या फटीतून बर्फ आत यायला लागला, पण राणीनं तेवढं सोसायचं असतं.

अर्लीनबाई मात्र कुरकुरल्या. "तुमच्या भांडणात माझी गाडी दोनदा थांबते. पेट्रोल काय तुमचे बाप देणार?"

मग ती सकाळ आली. मार्नीनं पाठिंब्याचं पत्र माझ्या पोटात ठेवलं आणि झेंडी वर केली. विधेयक जसंच्या तसं मंजूर करा, असं त्यात होतं. माझी मान ताठ झाली. तेवढ्यात बर्फ सारणारी गाडी आली आणि तिच्या पात्याच्या फटक्यानं पांढरी पेटी कॅनसकट खड्ड्यात! मुलांची चित्रं बर्फात पसरली. चांगली जिरली, असं मला वाटलं. पण मार्नी घरातल्या सपाता घालूनच त्या गुडघाभर बर्फात उतरली. पलीकडून हालिमा धावत आली. दोघी ओणव्या होऊन ओली पाकिटं वेचायला लागल्या.

"ही राहू देत, बोटं गोठतील तुझी," हालिमा म्हणाली.

"तू गप." मार्नीनं एक चित्र पदराखाली घ्यावं तसं कोटात धरलं. एका बाळाचं होतं. ती ते बघत राहिली. मग म्हणाली, "वाईट करत नाहीस तर घाबरतेस कशाला, असं मी विचारलं तुला. वेंडेलनं तरी काय वाईट केलं होतं गं?"

हालिमानं तिचे हात आपल्या शालीत घेतले. दूरवर अर्लीनबाईंची गाडी दिसायला लागली. मार्नी तशीच वर आली आणि माझं दार ओढायला लागली. तिला पत्र परत हवं होतं. माझं दार उघडेना. थंडीनं अडलं, असं त्या अजून म्हणतात. म्हणू देत. शेवटी दोघींनी मिळून खेचलं, तेव्हा माझा नाइलाज झाला.

नवं पत्र त्या दिवशी मार्नीच्या स्वयंपाकघरात लिहिलं गेलं. ओलिसांचा भाग वेगळा काढा आणि तो आधी मंजूर करा. दुसऱ्या भागाचं जे काय ठरवायचं ते पुराव्यानिशी, स्वतंत्र ठरवा. खाली दोन सह्या. पत्र गेलं माझ्याच पोटातून, पण सही त्या पांढरीच्या मालकिणीचीही होती. बघा, वाटणी सुटली का कुठे?

संध्याकाळी पांढरी परत फळीवर आली. चेपलेली, आणि वर तोरा तोच.

विधेयकाचं राजधानीत अजून तळ्यात-मळ्यात चाललं आहे. वसंतात जमीन मऊ झाली, तेव्हा हालिमा म्हणाली, "आता खणूया का दुसरा खड्डा?"

"दोन खांब कायद्याला हवेत," मार्नी म्हणाली. "आपल्याला कशाला?"

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कायदे कराल, तेव्हा फळीवर काय काय ठोकताय ते नीट बघा. आणि एक सांगून ठेवते. वेंडेल येईल तेव्हा याच रस्त्यानं येईल, आणि सगळ्यात आधी मासा असलेलं दार उघडेल. माझं. त्या पांढरीला मी तसं बजावलं आहे. फक्त त्या दिवशी माझ्या पोटात त्याच्या नावाचा दंड नसावा. रिकामी असले तरी चालेल मला. आणि तिच्या पोटातलं एखादं चित्र उसनं मिळालं, तर तेही चालेल.