चादरीचा रस्ता

भिंगरी माझ्याकडे राहायला आली त्याला वर्ष होत आलं, तरी तिच्या चपला दाराबाहेरच असायच्या. माझ्या आणि नवऱ्याच्या आत, मांडणीवर. हिच्या बाहेर, पाहुण्यासारख्या, निघायच्या तयारीत. एकदा कुत्र्याने डावी चप्पल पळवली. मी म्हटलं, "अगं, आत ठेवत जा."

"असू दे, मावशी."

माझी बहीण, म्हणजे तिची आई, गेल्यापासून हिच्या तोंडून एवढंच निघायचं. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी नाव पडलं होतं. आता नाव तेवढं राहिलं होतं.

गल्लीतल्या पोरांनी सभागृहाच्या भिंतीसाठी आपल्या गल्लीचा कापडी नकाशा करायला घेतला. कल्पना पेंटरबाईची. दुकानांच्या पाट्या रंगवणारी मुलगी ती, शाळा सोडून फार दिवस झाले नसतील, बोटं कायम निळी. प्रत्येकाने घरातलं जुनं कापड आणायचं, त्यातून आपलं घर कापायचं आणि सगळी घरं एका मोठ्या पांढऱ्या कापडावर शिवायची. शिवायची कुठे, तर माझ्या टेलरिंगच्या दुकानात. मशीन माझ्याकडे, आणि नाही म्हणायची मला सवय नाही.

मी माझं घर नवऱ्याच्या जुन्या विजारीतून कापलं. खाली दुकान, वर दोन खिडक्या. त्यातली एक कोरीच ठेवली. भिंगरीला म्हटलं, "ही तुझी. काय लावायचं ते लाव."

"बघते."

हे 'बघते' मला चांगलं ओळखीचं आहे. ब्लाउज कधी मिळेल असं विचारलं की मीही गिऱ्हाइकाला हेच सांगते. पण त्या खिडकीत मी किती जीव अडकवून बसले होते ते तिला कसं सांगणार? आई गेलेल्या पोरीला 'मला आपलं म्हण' असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

तिचं जुनं घर गल्लीच्या पहिल्या टोकाला. तिथे आता या पोरांतल्याच लंबूचं कुटुंब राहतं. त्याने कापून आणलेल्या घराला पिवळं दार होतं.

"दार हिरवं होतं," भिंगरी म्हणाली.

"आम्ही रंगवलं."

"तो हिरवा आईने निवडला होता."

लंबूचं तोंड एवढंसं झालं. "मला काय माहीत? खरवडू का आता?"

कुणीच हसलं नाही. पेंटरबाईने त्याला सुयांत दोरे ओवायला बसवलं.

मग शिवायला घेतलं आणि घोळ झाला. तुकड्याच्या कडा आत दुमडून शिवतात, म्हणून चारी बाजूंनी बोटभर कापड जास्त ठेवायचं असतं. हे मी पोरांना सांगितलंच नाही. वाटलं, एवढं कुणालाही कळतं. त्यांना वाटलं, मावशी बोलल्या नाहीत म्हणजे गरज नसेल. घरं अगदी पेंटरबाईने आखून दिलेल्या कागदाच्या मापाने कापलेली. दुमडली तशी एकेक आक्रसत गेली. आमची गल्ली खरी अशी, की छत्री उघडून दोघं समोरासमोर आली तर एकाला ती मिटावी लागते. नकाशात मात्र ती ऐसपैस, पांढरीफेक होऊन बसली.

"विमान उतरेल इथे," लंबू म्हणाला.

पेंटरबाई रडकुंडीला आली. "उसवू या का?"

"जुनी कापडं आहेत, विरतील," मी म्हटलं. "मधे रस्त्याचीच पट्टी लावू. पण एवढं लांब कापड आणायचं कुठून?" माझ्याकडे नुसत्या चिंध्या.

भिंगरी उठून वर गेली. खाली आली ती राखाडी चादर घेऊन. तिच्या आईच्या पलंगावरची. वर्षभर तिच्या उशीखाली घडी करून होती. ती धुवायला मागणं माझ्याने कधी झालं नाही.

"नको गं," मी म्हटलं. "एकदा कापली की गेली."

"दुसरं पुरणार नाही."

तिने माप धरलं, दोन्हीकडे बोटभर जास्त. सुती कापड सरळ हवं तर कात्रीने नुसती चीर द्यायची आणि फाडायचं. चीर तिनेच दिली. मग एक टोक माझ्या हातात दिलं, एक स्वतः धरलं आणि ओढलं. तो आवाज दुकानभर झाला. पट्टी सुटली तेव्हा भिंगरीने ती नाकाशी धरली, थोडा वेळ, आणि मग मशीनजवळ ठेवली.

पट्टीवर मधेच इस्त्रीचा करपट डाग होता.

"हा झाकू का?" पेंटरबाईने हळूच विचारलं.

"राहू दे. आई पलंगावरच इस्त्री करायची. खड्डा समजा." मग म्हणाली, "खड्ड्याशिवाय आपली गल्ली ओळखणार कोण?"

पहिल्यांदा लंबूच हसला. नंतर दिसलं, त्याने पिवळ्या दाराभोवती हिरव्या दोऱ्याची चौकट घातली होती. टाके असे की मी एरवी दहादा उसवायला लावले असते.

भिंगरीने त्याच दारापासून सुरुवात केली. मशीन तिने चालवलं, कापड मी सरकवत गेले. पट्टी दुसऱ्या टोकाला, माझ्या घरापाशी पोचली तरी वीतभर उरली. मी कात्री उचलली.

"कापू नकोस. दाराची शिवण उसव."

"कशाला?"

"काकांची विजार जाड आहे, विरत नाही. उरलेलं आत घे." ती माझ्याकडे न बघता दोरा गुंडाळत होती. "बाहेर राहिलं की कुत्रं नेतं."

मी उसवायला घेतलं तर टाकेच दिसेनात. चष्मा शोधायला लागले. तो डोळ्यांवरच होता.

"मावशी," ती म्हणाली, "सावकाश. घाई नाहीये."