पाणी तर निळंच होतं

निंगनिंग अडीच महिन्यांची झाली आणि माझं दूध आटायला लागलं. आटायला लागलं असं मी म्हणत होते. माझी सासू, नानाय तोमासा, म्हणायची, "आटत नाहीये, रुसलंय. त्याला कढण लागतं." आमच्याकडे यावर कुणी वाद घालत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला आलं आणि शेवग्याचा पाला घालून शिंपल्यांचं कढण द्यायचं, की दूध उतरतं. माझ्या आजीने ते माझ्या आईला दिलं, आणि नानायने तर सहा पोरं याच कढणावर वाढवली. सहाच्या सहा अजून तिच्याशी भांडायला धडधाकट आहेत, हा तिचा पुरावा.

शिंपले म्हणजे ताहोंग, हिरव्या सालीचे. खाडीत आमचे सत्तर-ऐंशी बांबू रोवलेले आहेत, त्यांना धरून ते वाढतात. माझा नवरा नुल्फो पहाटेच्या ओहोटीला जाऊन ते खरवडून आणतो आणि मग बर्फाच्या बोटीवर कामाला जातो. बेटांवरच्या मासेवाल्यांना बर्फाच्या लाद्या पोचवायच्या आणि दुपारी तीनपर्यंत परत यायचं.

त्या मंगळवारीही तो ताहोंगची पिशवी दारात ठेवून गेला. सातच्या सुमाराला नानायने माझ्यापुढे वाडगा ठेवला आणि स्वतः समोर बसली. ती बसली की वाडगा रिकामा झाल्याशिवाय उठत नाही. मी एक वाडगा प्यायले, शिंपले वेचून खाल्ले, तिने न विचारता दुसरा ओतला. तोही संपवला. खोटं कशाला बोलू, कढण फार छान झालं होतं. मग मी निंगनिंगला उजव्या बाजूला घेतलं. ती डोळे मिटून, मूठ माझ्या गळ्याशी टेकवून पीत राहिली. पिताना तिच्या कानाची पाळी हलते. ते बघण्यासाठी मी बाकी सगळी कामं तशीच टाकते.

तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला.

मानो बेर्तिंग, म्हणजे बेर्तिंगदादा, हा गावच्या कचेरीतला माणूस. तीनचाकीवर भोंगा बांधून फिरतो. एरवी हरवलेल्या डुकरांची नाहीतर लसीकरणाची दवंडी असते आणि मध्येमध्ये त्याचे स्वतःचे विनोद असतात. त्या दिवशी विनोद नव्हते. खाडीची तपासणी झाली आहे, लाल भरती आहे, पाण्यातल्या विषारी शेवाळाने शिंपल्यांत विष भरलं आहे, खाडीतले कुठलेही शिंपले काढू नयेत, विकू नयेत, खाऊ नयेत. मासे चालतील, पोट साफ करून, धुऊन. हेच तो तीनदा म्हणाला आणि पुढच्या गल्लीत गेला.

मी निंगनिंगला छातीपासून ओढून काढलं. तिने तोंड उघडंच ठेवून माझ्याकडे पाहिलं, रडायच्या आधी पाहतात तसं.

नानाय जागची हलली नव्हती. "लाल भरती? लाल कुठाय? जाऊन बघ, पाणी निळंच आहे. आणि शिंपले उकळायच्या आधी त्यांच्यावर माश्या बसत होत्या, मी बघितलं. विष असतं तर माशी बसली असती का?"

आमच्या गावात हेही सगळे मानतात. पाणी लाल दिसलं तर विष, माशी बसली नाही तर विष. पण मी सहावीत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या धाकट्या भावाने निळ्याच पाण्यातले ताहोंग खाल्ले होते. आधी ओठांना मुंग्या येतात, मग बोटांना, मग छातीचा भाता चालेनासा होतो. ते पोर चार वर्षांचं होतं. त्याच्या पांढऱ्या शवपेटीमागून आमचा अख्खा वर्ग चालत गेला होता.

मी विचारलं, हे ताहोंग आपल्याच बांबूंवरचे ना?

"मग काय बिशपच्या?" नानाय म्हणाली. आपण काय बोललो ते तिचं तिनेच ऐकलं आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

स्वतःची भीती मला नंतर वाटली. आधी एवढंच मनात आलं, की मी प्यायले ते हिच्यात गेलं का.

निंगनिंगला झोळीत बांधून मी आरोग्य केंद्रात गेले. तिथली सुईण मानाय देलिया, म्हणजे देलियाताई; निंगनिंग तिच्याच हातावर जन्मली. तिने माझे ओठ पाहिले, बोटं मुडपून पाहिली, मला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. मग बाळाच्या छातीला नळी लावून इतका वेळ ऐकत बसली की माझाच श्वास थांबला. ती म्हणाली, याला उतारा नसतो, वाट बघायची असते. मुंग्या आल्या की लगेच जिल्हा रुग्णालय. गाडी सांगून ठेवते. मी दुधाचं विचारलं.

"दुधातून उतरतं का, किती उतरतं, ते मला माहीत नाही, पोरी," ती म्हणाली. "माहीत नसताना तुला काय सांगू? संध्याकाळपर्यंत पाजू नकोस. पिळून टाक. पाजलंस ते पाजलंस, त्याचं आता काही करता येत नाही. पोरीचा श्वास चांगला आहे, रंग चांगला आहे, तिच्याकडे बघत राहा."

परत येताना मी नुल्फोला चार वेळा फोन लावला. बेटांकडे सिग्नल नसतो हे माहीत असून लावला. ओठ सुन्न झालेत का हे बघायला मी ते चावत होते. चावले की ते सुन्न वाटायचे, आणि सुन्न वाटले की परत चावायचे.

घरी कढणाचं पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. कुठे ओतलंत, मी विचारलं, कोंबड्या खातील.

"ओतलं नाही. प्यायले."

मला आधी कळलंच नाही. पातेल्यात अजून तीन वाडगे तरी होते.

"तुझ्यापुढे बसून मी तुला ते पाजलं," नानाय म्हणाली. "आता जे व्हायचं ते मलाही होऊ दे."

मला तिचा इतका राग आला की रडूसुद्धा फुटेना. मी म्हटलं, आणि दोघी पडलो तर पोरीला कोण धरणार? याचा तिने विचार केला नव्हता, तोंडावरून दिसलंच. ती उठली आणि नारळ फोडायला बसली.

लाल भरतीवर आमच्याकडे नारळाचं दूध आणि काळा गूळ देतात. ते चालेल पण त्यावर विसंबू नका, असं देलियाने सांगितलं होतं. नानायने दोन नारळ खवले, पिळले, गूळ कालवला, आणि आम्ही दोघी एकेक पेला प्यायलो. इतकं गोड होतं की दात शिवशिवले. मी घाबरून लगेच ओठांना हात लावला.

नवाच्या पुढे निंगनिंगला भूक लागली. माझ्या कपड्यांना दुधाचा वास. ती मान वळवून वळवून तो शोधायची आणि मी तिला हातभर लांब धरायचे. अडीच महिन्यांत मी तिला कधी काही नाकारलं नव्हतं. शेवटी नानायकडे दिलं, तर ती नानायचं कोपर चोखायला लागली, आणि तिथे काही नाही हे कळल्यावर जी रडली ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

शेजारची रुफिना ऐकूनच आली. तिचा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि अजून अंगावरून सुटला नाही, त्यावरून सगळे तिला चिडवतात. ती खाली बसली आणि हात पुढे केले. मी ओशाळत विचारलं, मानाय, या आठवड्यात तुम्ही ताहोंग खाल्लेत का?

"मला कोण करून घालतंय?" रुफिना म्हणाली. "माझ्या सासूला मी डोळ्यांसमोर नको असते. काल सुकी मासळी, परवा सुकी मासळी. तिला मी आवडत नाही ते आज पहिल्यांदा कामी आलं."

नानायसुद्धा हसली. निंगनिंगने आधी तोंड फिरवलं, वास परका होता. मग एकदाचं तोंडात धरलं आणि तिच्या कानाची पाळी हलायला लागली. मी समोर बसून बघत होते. जीव भांड्यात पडला होता आणि त्याच वेळी मत्सरही वाटत होता, दोन्ही खरं. मग मागच्या बाजूला जाऊन मी केळीच्या बुंध्याशी दूध पिळून टाकलं. ज्याला आम्ही रुसलेलं म्हणत होतो ते त्या दिवशी थांबायला तयार नव्हतं.

त्यानंतर नानाय आणि मी पायऱ्यांवर बसून राहिलो. दर थोड्या वेळाने ती विचारायची, ओठ? मी म्हणायचे, बरे आहेत, तुमचे? ती म्हणायची, म्हातारीचे ओठ, ते तसेही काही सांगत नाहीत. बाराच्या सुमाराला रुग्णालयाची गाडी शेवटच्या गल्लीत शिरली आणि मानो इस्कोला, खेकडेवाल्याला, घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी परत आला, पण त्या दुपारी आम्हाला ते कुठे माहीत होतं? गाडी गेल्यावर नानायने निळ्या पाण्याचं नाव काढलं नाही. तिने माझी बोटं आपल्या हातात घेतली आणि एकेक दाबून पाहायला लागली.

"नुल्फो झाला तेव्हा आठ दिवस मला दूध नव्हतं," ती म्हणाली. "माझी सासू दारात उभी राहून म्हणायची, ही कोरडी विहीर कुठून आणली. मला कुणी एक वाडगा पुढे ठेवला नाही. म्हणून तुझ्यापुढे बसते."

मी माझी बोटं काढून घेतली नाहीत.

तीन वाजता नुल्फो पळत आला. धक्क्यावर बातमी कळली होती. रुफिना निंगनिंगला पुन्हा पाजत होती, देलिया दुसऱ्यांदा आमची बोटं तपासायला आली होती, आणि माझा सगळा सदरा दुधाने ओला झाला होता. मी एका दमात त्याला सगळं सांगितलं. आई उरलेलं कढण प्यायली, हेही. तो मटकन जमिनीवर बसला. मला वाटलं चक्कर आली.

"ते आपले नव्हते," तो म्हणाला. आईकडे बघत नव्हता.

"काय आपले नव्हते?" नानायने विचारलं.

"ताहोंग. मी बांबूंवर गेलोच नाही."

निंगनिंगने आदल्या रात्री त्याला झोपू दिलं नव्हतं. जाग आली तेव्हा ओहोटी संपून गेली होती. धक्क्यावर डोंगरापलीकडच्या किनाऱ्याहून येणारा ट्रक उभा असतो. त्यातून त्याने दोन किलो ताहोंग घेतले, आमच्या जाळीच्या पिशवीत ओतले, वर समुद्राचं पाणी मारलं आणि आणून दारात ठेवले. ज्याचे बांबू पाण्यात उभे आहेत त्याने ट्रकवरून ताहोंग घ्यायचे, ही आमच्या गावात केवढी नाचक्की. तोमासाचे बांबू रिकामे पडले, हे दुपारच्या आत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून तो गप्प बसला होता.

देलियाने आपल्या पिशवीतून बंद खाड्यांची यादी काढली. एकेका नावावर बोट ठेवून दोनदा वाचली. मग ट्रकवाल्याला फोन लावून माल नक्की कुठला ते विचारलं. फोन ठेवून ती म्हणाली, पलीकडची खाडी यादीत नाही. तुला आठ तास होऊन गेले, दोघींच्या बोटांत काही नाही.

"पाज तिला," ती म्हणाली.

नानाय उठली. नारळाची करवंटी उचलून तिने नुल्फोच्या पाठीत हाणली, फार जोरात नाही. "माझ्या सुनेला ट्रकचे शिंपले घालतोस?" दुसऱ्यांदा हात उगारला, पण करवंटी हातातून सुटली, आणि त्याचं डोकं पोटाशी धरून ती म्हणाली, "आणि मी मेली, मरायला म्हणून तीन वाडगे ट्रकचं कढण प्यायले!"

रुफिना इतकी हसली की निंगनिंगचं तोंड सुटलं.

पण माझी मुलगी तोवर परक्या दुधाने गच्च भरली होती. मी तिला घेतलं, जवळ धरलं, तर ती जांभई देऊन झोपून गेली. सगळे आपापल्या घरी गेले. नानायने कढणासाठी मासळी साफ करायला घेतली, पोट चांगलं दोनदा धुऊन, कारण शेवग्याचा पाला वाया घालवणं तिला जमत नाही. नुल्फो माझ्याजवळ येऊन बसला आणि झोपून राहिल्याबद्दल परत परत माफी मागायला लागला. खाडीतले आमचे ताहोंग विष धरून तसेच लटकत होते, किती आठवडे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "उद्याही झोप."

साडेचारला निंगनिंगने डोळे उघडले. मी तिला उजव्या बाजूला घेतलं. सकाळी जिथे ओढून काढलं होतं तिथूनच तिने पुन्हा सुरू केलं, मला काही न विचारता.