जुनं टेंपे

तुमिरा मोरीत घसरून पडली आणि तिचा घोटा मोडला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. सालातिगा गावातल्या छोट्या घरात आता नवराबायको दोघंच. मुलगी वुलान नर्स झाली आणि नोकरीसाठी सेमारांगला गेली होती. तेव्हा बाजारहाट आणि स्वयंपाक दोन्ही विर्यांतोच्या गळ्यात पडलं.

विर्यांतोला त्याचं काही वाटलं नाही. तीस वर्षं त्यानं घाटरस्त्यावर बस चालवली होती. भाजी आणायला काय अक्कल लागते? उलट मनातून तो खूशच होता. बायकोचा हात जरा आखडता आहे असं त्याला लग्नापासून वाटत आलेलं. आता जरा सढळ हातानं घर चालवून दाखवू म्हणाला.

"बापाक, अकराच्या सुमारास जा हं," तुमिरानं बाजाराच्या पिशवीत आठवड्याच्या खर्चाचे, जेमतेम भाजीपाल्यापुरते, तीन लाख रुपिया ठेवत सांगितलं. मुलगी झाल्यापासून ती त्याला बापाक, म्हणजे बाबाच म्हणायची आणि तो तिला इबू, म्हणजे आई.

"अकराला? तोवर चांगला माल कुणी ठेवेल का?"

सोमवारी तो सकाळी सहालाच गेला. पहिल्या प्रतीचा माल उचलला. एकसारखी वांगी, लालभडक मिरच्या, कोंबडीची नुसती छाती, नारळाच्या दुधाची तयार पाकिटं. घरी येऊन त्यानं स्वयंपाकघरही आवरलं. फळीवर केळीच्या पानात गुंडाळलेली टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, वडी सापडली. पान उघडलं तर वडीवर काळे डाग आणि असा वास की नाकाला हात जावा. त्यानं ती सरळ कचऱ्यात टाकली.

दुपारी तुमिरानं खाटेवरून विचारलं, "फळीवरचं टेंपे कुठंय हो?"

"सडलं होतं. फेकलं."

तुमिराला हसू फुटलं. इतकं की पाय दुखायला लागला. "असू दे," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी पिशवी रिकामी झाली. चार-पाच नोटा तेवढ्या उरल्या. मिरच्या सुरकुतल्या होत्या, कोंबडी दोन दिवसांतच संपली होती, आणि त्याच संध्याकाळी विर्यांतोच्या थोरल्या बहिणीचा, लास्त्रीचा फोन आला. तुमिराला बघायला शनिवारी दुपारी येतोय, जावई, मुली, नातवंडं धरून सहा जण.

विर्यांतोनं पिशवी पुन्हा झाडून बघितली. जकार्तात राहणारी माणसं, त्यांना काय वाढायचं? खानावळीतून मागवावं तर उरलेल्या पैशांत दोघांचंही जेवण यायचं नाही.

"आता काय करायचं, इबू?" एवढा मोठा माणूस, पण आवाज परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा निघाला.

तुमिरानं त्याला पुढ्यात बसवलं. "उद्या अकराला जा. आधी मागच्या केळीची आठ-दहा पानं कापा, पुसून घ्या. ती टेंपे विकणाऱ्या म्बोक सामियेमला द्या. तिच्याकडून जुनं टेंपे घ्या. मग खाटकाकडे जाऊन माझं नाव सांगा. आणि कुठंही भाव पाडू नका."

"भाव पाडू नको? मग वाचणार काय?"

"जा तर खरं."

सामियेमला सगळे म्बोक, म्हणजे म्हातारी आई, म्हणायचे. सत्तरीची, दातांचा पत्ता नसलेली, पण जीभ शाबूत असलेली बाई. पानं बघताच म्हणाली, "अरे, तुमिराचे यजमान का तुम्ही! सोमवारी सकाळी सगळा बाजार विकत घेऊन गेलात म्हणे. आम्हाला वाटलं, कुणाचं लग्नच निघालंय."

शेजारच्या भाजीवाल्या बायका खदाखदा हसल्या. विर्यांतोनं ते गिळलं आणि जुनं टेंपे मागितलं. पुढ्यात आलेल्या वड्या अगदी त्यानं फेकल्या तशाच, डागाळलेल्या, उग्र. त्याला राहवलं नाही.

"हे तर सडकं आहे, म्बोक. ह्याचेही पैसे घेणार?"

"सडकं?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चार दिवस राखलंय मी हे! रोज उलटायचं, ओल लागू द्यायची नाही. सांबल तुंपांग कशाचं करतात, माहीत आहे का? तीस वर्षं बस हाकलीत, घरात काय शिजतं ते कधी बघितलंत?"

विर्यांतोचे कान तापले. सांबल तुंपांग, ते नारळाच्या रसातलं तिखट कालवण, त्याला जीव की प्राण. फेरीवरून आला की तो आधी तेच मागायचा. ते ह्या असल्या टेंपेचं होतं?

म्हातारी निवळली. वड्या बांधता बांधता म्हणाली, "तुमची बायको वीस वर्षं माझ्याकडे येते. वड्या गुंडाळायला पानं आणते, त्याच्या बदल्यात मी टेंपे देते. एकदा माल बिघडला माझा, तर गाजावाजा न करता हळूच येऊन सांगून गेली. तिच्यासाठी मी नाही राखायचं तर कुणासाठी? तुमच्या पोरीच्या नर्सिंगची फी तिनं ह्याच बाजारात वाचवलेल्या पैशांतून काढली, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नव्हतं. विर्यांतोला वाटत होतं, फी त्याच्या जादा फेऱ्यांतून गेली.

खाटकानंही तुमिराचं नाव ऐकताच खालून पुडकं काढलं. बैलाच्या पायाच्या चिवट शिरा, मांसाच्या निम्म्याहून कमी भावात. "बाकीचे कधी घेतात, कधी नाही. ह्या बाई पावसापाण्यातही येतात, म्हणून बाजूला ठेवतो," तो म्हणाला. बाजार उठत आला होता, म्हणून भाजीवालीनं वाकडी वांगी अर्ध्या भावात दिली आणि वर मूठभर मिरच्या टाकल्या.

शनिवारी सकाळी तुमिरा स्वयंपाकघरात बाकावर बसली, प्लास्टरचा पाय स्टुलावर. ती सांगत होती आणि तो करत होता. शिरा तीन तास मंद आचेवर शिजल्या. परसातली पपईची पानं पेरूच्या पानांबरोबर उकळली, कडूपणा गेला. नारळ त्यानं स्वतः खवला, रस पिळला. टेंपे, मिरच्या, लसूण ठेचून त्यात सोडलं.

"आता ढवळत राहा. थांबलात तर रस फुटेल."

"हात भरून आला, इबू."

"स्टिअरिंग फिरवताना नाही यायचा का?"

वास सुटला तसा विर्यांतो पातेल्यावर वाकला. हा वास त्याला तीस वर्षं दारातच भेटत आला होता.

पाहुणे जेवायला बसले. जावयानं तीनदा भात मागून घेतला. लहान नातीनं बोटं चाटली. लास्त्री म्हणाली, "काय गं तुमिरा, अपघाताचा खर्च असताना एवढं कशाला केलंस? बराच खर्च आला असेल."

तुमिरा नुसती हसली. पण विर्यांतोला आता गप्प बसवेना.

"ताई, गुरुवारी ह्या घरात फुटकी कवडी नव्हती. मी चार दिवसांत आठवडा उडवला होता. हिला धड उभंही राहता येत नाही, आणि तू जेवलीस ते सगळं हिनं उभं केलं. मी आयुष्यभर म्हणत आलो, माझ्या पगारावर घर चालतं. पगार मी आणला, हे खरं. चालवलं हिनं."

तुमिराचा चेहरा लाल झाला. "पुरे हो! पोरांसमोर काय हे. भात निवतोय," ती म्हणाली आणि ताटलीकडे बघत राहिली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. तुमिरा काठी घेऊन बाजारात निघाली तेव्हा विर्यांतो चपला घालून दारात तयारच होता.

"तुम्ही कशाला?"

"शिकायचंय."

मग दर शुक्रवारी अकराला दोघं बाजारात दिसू लागली. ती पुढे, तो मागे. ती भोपळा उचलून कानाशी नेई, टिचकी मारी, खाली ठेवी, दुसरा घेई. तोही तसंच करून बघे. त्याला काही ऐकू येत नसे. पण ती कोणता घेते ते तो नीट बघून ठेवी.