पोटाकडची राख

वाघ जळाला. पण ते आपण अजून ऐकलेलं नाही. सध्या तो आलापल्लीत, खुशालच्या ओसरीवर, सागवानी पाटावर उभा आहे आणि मंगली ओल्या फडक्यानं त्याचे काचेचे डोळे पुसते आहे.

खुशालच्या आजोबांनी तो मारला आणि पेंढा भरून आणला. त्याच्या आदल्या दिवशी वाघानं मंगलीच्या बापाला, दसरूला, नेलं होतं. सापडली ती फक्त कुऱ्हाड. मंगली तेव्हा आईच्या पोटात होती. दरवर्षी त्या दिवशी ती वाघापुढे मोहाची दारू शिंपडते. दुसरीकडे कुठं शिंपडणार?

"नीट पूस, बाई," खुशाल म्हणाला. "सोमवारी रिसॉर्टवाला नेऊन राह्यला. लोक याच्यासंग सेल्फी काढतीन."

"मंग मी कुठी येऊ?"

"तिकीट काढून जाजो."

ती हसली नाही. "जाळून टाका न याले, भाऊ. आमच्यात मेलेल्याले पुरतात, पण वाघानं नेलं त्याले जाळा लागते. बाबाचं राह्यलं."

"अवो, याच्या पोटात पेंढा हाय."

"मले माहीत हाय. उंदरानं काढला तवा मीच त भरला."

सोमवारी रिसॉर्टवाल्याच्या आधी वनखात्याची जीप आली. मालकीचा दाखला असता तरी वाघ विकता आला नसता. दाखला नव्हता, म्हणून ठेवताही येईना.

"पंचावन्न वर्षं कोणाले दिसला नाई," खुशाल ओरडला, "आताच काऊन दिसला? कोणं सांगतलं?"

"खबर देणाऱ्याचं नाव सांगता येत नाई," वनरक्षक रीना म्हणाली.

मंगली फडकं पिळत होती. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

दोन महिन्यांनी तो नष्ट करण्याचा हुकूम आला. वनखात्याच्या लाकूड डेपोमागे, पंचांसमोर, वाघ पेटला. पेंढा भराभर गेला, कातडं रेंगाळलं. मंगली डोक्यावर पदर घेऊन तारेच्या कुंपणाबाहेर उभी होती, हातात मातीचं बोळकं.

"राखही वाघातच मोजतात, बाई," रीना म्हणाली. "पुरून टाका लागते. कोणाले देता येत नाई."

"अर्ज त लिहून दे."

रीनानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला.

'महोदय, जप्त मुद्देमालाच्या राखेपैकी एक मूठ, पोटाकडची, अर्जदारास मिळावी. अर्जदाराचे वडील सन १९६८ पासून सदर मुद्देमालात आहेत. त्यांच्या मालकीचा दाखला कोणाकडेही नाही. तरी योग्य ती कार्यवाही करून अर्जदारास लेखी कळविण्यात यावे, ही विनंती.'