पाणी कुठे गेलं, ते छापायचं नव्हतं

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. चोवीस पानं, पाठीत दोन पिना आणि गुलाबी कव्हर. ते गुलाबी होतं, हे आता तुम्हाला माझ्या शब्दावरच मानावं लागेल. माझा खालचा कोपरा बधिर आहे. त्यावर अकरा वर्षं एका शिलाई मशीनचा पाय होता. त्यामुळे मी जे सांगेन ते जरा थंडपणे सांगेन, राग मानू नका.

माझं नाव 'बैठी दंडार'. दिवाळीनंतर आमच्या भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचं नाटक. त्यात राजा पुरुष, चोर पुरुष आणि राणीही पुरुषच. तिला आदल्या दिवशी मिशी काढावी लागते. बायांनी लांब बसून बघायचं. करडी गावच्या सुलोचनाबाईंनी वीस वर्षं लांब बसून बघितलं. मग एका श्रावणात भाताची रोवणी आटोपली आणि चिखलाने कुजलेल्या पायांना तेल लावत चारपाच जणी त्यांच्या ओसरीत बसल्या. तेव्हा त्या म्हणाल्या, "आपण बसल्या बसल्याच दंडार करू. उठाचंच नाही, मंग कोण काय म्हणन?"

खेळ असा. एकीने सांगणारी व्हायचं. बाकीच्यांनी चिठ्ठी उचलून सोंग घ्यायचं: माळगुजार म्हणजे गावचा जमीनदार, कोतवाल, वैदीण, बगळा. गावच्या तळ्याचं पाणी एका रात्रीत नाहीसं झालं आहे, ते शोधायचं. आपण काय करणार ते प्रत्येकीने बोलायचं आणि सात कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, पालथ्या जास्त पडल्या तर फसलं. पुढे काय झालं ते सांगणारीने सांगायचं.

त्या चारपाच जणींतल्या मनकर्णाबाई घरात नवऱ्यापुढे ब्र काढत नसत. माळगुजाराची चिठ्ठी आली की त्या मांडी घालून बसत आणि स्वतःच्या सासूला म्हणत, "ए कोतवाला, उभा काहून हायस? पाय दाब!" सासू दाबायची. खेळच होता तो. चिठ्ठी परत ठेवली की मनकर्णाबाई पुन्हा पदर ओढून गप्प.

पाणी दर वेळी निराळ्या जागी सापडायचं. कधी बगळ्याच्या पोटात, कधी कोतवालाच्या रांजणात, कधी सापडायचंच नाही. सातवी शिकलेल्या सुलोचनाबाईंनी हे सगळं वहीत लिहिलं आणि त्या एसटीने तुमसरला आल्या. तिथे आनंदरावांचा छापखाना होता. राइस मिलच्या पावत्या, लग्नपत्रिका, मंडईची जाहिरातपत्रकं ते छापत. माझा जन्म तिथला, १९७४ सालचा. शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवले, शाई लागली, पायाने चालणाऱ्या मशीनने मला कागदावर दाबलं. दुखलं असेल. आठवत नाही.

"शेवटचं पान कोरं ठेवा जी," बाईंनी बजावलं. "पाणी कुठं गेलं ते जिचं तिनं लिहाचं. अन् खाली माझा पत्ता टाका. आपला खेळ कसा झाला ते कार्डावर कळवा म्हणा."

"अन् त्याचं काय करता?"

"दुसरा भाग काढू. गावोगावच्या बायांनी खेळलेला. मंग तिसरा. हे पुस्तक सरतच नाही, भाऊ."

आनंदराव हसले. "वीस कार्डं येऊ द्या, बाई. दुसरा भाग माझ्या कागदावर छापतो."

माझ्या दोनशे बहिणी निघाल्या. दिवाळीनंतरच्या मंडईत सुलोचनाबाईंनी चुरमुऱ्यांच्या दुकानाशेजारी पोतं अंथरून आम्हाला मांडलं. निम्म्याहून जास्त गेल्या. बाया पदराआड धरून नेत, जसं काही चोरलंय. त्या दिवशी मी फार खूश होते, असं लिहायला हवं. होते बहुतेक.

मग कार्डं येऊ लागली. पहिलं लाखांदूरहून: 'पुस्तक वाचले. पाणी सापडले, बरे झाले.' दुसरं: 'शेवट फार छान.' तिसरं: 'माळगुजाराला चांगली अद्दल घडली.' सुलोचनाबाईंनी तिन्ही कार्डं उलटून पाहिली. मग मला हातात घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. तोवर ते त्यांनी उघडलंच नव्हतं. कोऱ्या पानावर काय बघायचं?

तिथे छापलं होतं: 'अशा रीतीने सर्व पाणी माळगुजाराच्या विहिरीत सापडले व गाव सुखी झाले. समाप्त.' खाली वेलबुट्टी. त्याखाली पत्ता, अगदी बरोबर.

त्या तडक तुमसरला गेल्या. मी पिशवीत होते.

"कोरं पान कसं जाऊ देऊ, बाई?" आनंदराव खरंच गोंधळले होते. "लोक म्हणतील, छापखानेवाल्यानं शेवट खाल्ला. मी सोता बसून लिहिला. दोन दिवस लागले मले."

त्यांचा चेहरा बघून बाईंना नीट रागावताही आलं नाही.

होळीपर्यंत तेवीस कार्डं आली. मित्रांनो, तेवीस! आणि एकाही कार्डावर खेळ नव्हता. सगळ्यांनी मला नुसतं वाचलं होतं. ज्या गोष्टीचा शेवट ठाऊक झाला तिच्यासाठी कवड्या कोण टाकतो?

आनंदराव शब्दाला पक्के. त्यांनी कागदाचे रीम काढून ठेवले. "दुसरा भाग छापू. लोकांले शेवट आवडला. आता दुसरं काही हरवू द्या, सापडवाचं काम माझं."

"शेवट टाकाल?"

"शेवटाबिगर पुस्तक असते का, बाई?"

"मंग नका छापू," सुलोचनाबाई म्हणाल्या. चहा घेतला, नमस्कार केला आणि एसटीत बसल्या. खिडकीतून काही बघितलं नाही.

उरलेल्या प्रतींसाठी त्यांनी घरी तांदळाच्या कण्यांची खळ शिजवली आणि शेवटच्या पानावर कोरा कागद चिकटवला. पहिली मी. पुढच्या मंडईत पुन्हा पोतं अंथरलं. एक बाई मला उलटसुलट करून म्हणाली, "हे तं खराब हाय, मागचं पान चिपकलं." दुसरीने नखाने कागद खरवडून खाली काय आहे ते वाचायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वर्षी पोतं अंथरलं नाही. ओसरीतला खेळही थांबला. कुणी थांबवला नाही, मनकर्णाबाई यायच्या थांबल्या, एवढंच. बाईंचं शिलाई मशीन डुगडुगत होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने मला घडी घालून पायाखाली सारलं. मशीन स्थिर झालं. मला काही वाटलं नाही.

आनंदरावांचा छापखाना बंद झाला, मंडईत व्हिडिओ आला, हे मी मशीनखालून ऐकलं.

१९८७च्या श्रावणात बाईंची सून धुरपता मशीन सरकवून झाडत होती. ती लाखांदूरची. तिने मला उचललं, फुंकर मारली आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. झाडू तसाच हातात. शेवटच्या पानाशी येऊन थबकली.

मित्रांनो, खळीत मोरचूद घालायचं असतं, म्हणजे कीड लागत नाही. बाईंनी घातलं नव्हतं. कसरीने कण्यांची गोड खळ खाल्ली, वरचा कोरा कागद खाल्ला आणि त्याबरोबर आनंदरावांचा शेवटही खाल्ला. विहीर गेली, सुखी गाव गेलं, समाप्त गेलं. उरली एक वेडीवाकडी खिडकी, आणि तिच्याखाली पत्ता.

"मामी," धुरपताने सासूला विचारलं, "मंग पाणी कुठं गेलं?"

सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला घेतलं आणि त्या खिडकीत बोट घालून पाहिलं.

"मले काय मालूम," त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्यामागं कवड्या हायेत, आन."

दोघीच होत्या, म्हणून धुरपता माळगुजारही झाली आणि बगळाही. चार दिवसांनी तिने माहेरी बहिणीला कार्ड लिहिलं: 'आमचा बगळा वैदिणीपाशी अडकला आहे. तुमच्याकडे पुढे काय होते ते कळव.' दुसरा भाग कधी छापला गेला नाही. पण त्या कार्डाला उत्तर आलं.

आता मी पुन्हा ओसरीत असते. कोपरा बधिरच आहे. तो बरा होईल असं मला वाटत नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असली, तर तिला कव्हर घालून कपाटात ठेवू नका. हातात घ्या, मळू द्या. आणि शेवटच्या पानावर काही छापलेलं असलं, तर तेवढं न वाचता कवड्या टाका.