निघताना बसायचं

चमचा टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत ओट्याखाली गेला.

त्याआधी घरात अगदी सामसूम होती. येफिम दारापाशी आपल्या बॅगेवर बसला होता, मी खुर्चीच्या कडेवर टेकले होते आणि ताया रव्याच्या लापशीची वाटी मांडीवर घेऊन जमिनीवर. घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं. मग उठायचं आणि जाणाऱ्यानं मागे न बघता जायचं. ताया चार वर्षांची, पण या बाबतीत तिच्याइतकी कडक मी कुणी पाहिलेली नाही.

"बाई येणार कुणीतरी," येफिम म्हणाला. आमच्याकडे चमचा पडला तर बाई, सुरी पडली तर पुरुष.

"बाबा, तू बोललास," ताया म्हणाली. "आता परत बसा सगळे."

"अगं, खाली बस थांबलीय."

"मग लवकर बस."

आम्ही परत बसलो. यावेळी काही पडलं नाही. मग येफिम उठला, तिच्या डोक्याचा मुका घेतला, माझ्या कॉलरचं बटण उगाच लावलं आणि गेला. हिवाळ्याची सुट्टी संपून फुटबॉलची लीग पुन्हा सुरू होत होती. बाहेर बर्फ गुडघाभर होता आणि कॅलेंडर मात्र वसंत आला म्हणत होतं.

तासाभरात बाई आली. आमची घरमालकीण झिनाइदा प्रोखोरोव्हना, खालच्या मजल्यावर राहते. दार हातानं न वाजवता पायानं वाजवलं तिनं.

"उघड गं पोरी, हात अडकलेत माझे. गेला का?"

"गेला."

"बसलात ना?"

"दोनदा."

"बरं झालं. मागच्या वेळी एकदाच बसला होतात, तीन गोल खाल्ले त्यानं."

तिच्या हातात दुधाची कापलेली रिकामी खोकी होती, मातीची पिशवी होती आणि कागदाच्या पुडीत टोमॅटोचं बी. तिनं आमच्या खिडकीकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"मार्च लागला आणि खिडकी रिकामी, एक रोप नाही? समोरची ल्युद्मिला मला विचारते, वर भाडेकरू ठेवलेत की पार्सलं?"

"झिनाइदा प्रोखोरोव्हना, मे संपला की आम्ही कुठे असू ते आम्हालाच ठाऊक नाही."

"मी बी पेरायला सांगतेय, विहीर खणायला नाही. हे घे. ताया, इकडे ये गं, बोट दे तुझं. या बोटानं भोक पाडायचं. इतकंच. त्याहून खोल गेलं की ते झोपून राहतं."

तायानं बोट पुढे केलं. मी आपली केटल ठेवायला गेले. खिडकीकडे पाठ होती तेच बरं.

येफिम गोलरक्षक आहे, आणि उसना आहे. त्याचा करार मॉस्कोच्या एका मोठ्या क्लबशी. तिथे त्याच्यापुढे दोन गोलरक्षक आहेत, त्यामुळे दर उन्हाळ्यात ते त्याला वर्षभरासाठी कुठेतरी देऊन टाकतात, शेजारणीला सांडशी द्यावी तसं. तायाच्या जन्मापासून हे आमचं चौथं गाव. आमच्या घरात खोक्यात न मावणारी एकही वस्तू नाही, कारण तसली वस्तू आम्ही घेतच नाही. गेल्या जुलैत आम्ही या कामा नदीकाठच्या बेरेगोव्स्कला आलो. इथला क्लब 'बाकेन'. नदीत खोल पाण्याची खूण दाखवायला तरंगता दिवा असतो, त्याचं नाव. संघ नुकताच वरच्या लीगमध्ये चढला होता आणि पहिल्याच घरच्या सामन्यात येफिमनं पाच खाल्ले. दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवाल्या बाईनं मला मासा दिला, पण डोकं कापून दिलं नाही. म्हणाली, "नवऱ्याला सांग, निसरडं पकडायची सवय होऊ दे."

मग पानगळीत संघ हळूहळू सावरला. तायाला सावरायला जास्त वेळ लागला. नव्या बालवाडीत ती नववर्षापर्यंत एक शब्द बोलली नाही. बाई तिला काही विचारायच्या आणि ती खिडकीबाहेर बघायची. जानेवारीत एक दिवस तिला आणायला गेले तर ती दुसऱ्या एका मुलीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. मी फाटकाबाहेरच थांबले, बर्फात, पाय गार पडेपर्यंत.

म्हणून मला बी पेरायचं नव्हतं. मला या गावाकडून एवढं काही घ्यायचं नव्हतं की जाताना परत करता येऊ नये.

पण बी उगवलं. बोटभर खोलीवर, जसं सांगितलं तसं. ताया रोज सकाळी खिडकीशी उभी राहून त्यांना झोपेतून उठवायची. एप्रिलमध्ये रोपं वीतभर झाली तेव्हा क्लबच्या संचालकांनी येफिमला बोलावून सांगितलं, "संघ वरच्या लीगमध्ये टिकला, तर आम्ही तुला मॉस्कोकडून कायमचा मागून घेऊ. खाली घसरलो तर मात्र आमची ऐपत नाही, तुला परत जावं लागेल."

येफिम घरी आला, बूट काढले आणि बराच वेळ एका बुटाची नाडी गुंडाळत बसला.

"शेवटचा सामना कुणाशी आहे, बघितलंस?" त्यानं विचारलं.

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. शेवटचा सामना आमच्या घरच्या मैदानावर, मॉस्कोच्या त्याच क्लबशी होता. आणि उसन्या खेळाडूनं आपल्या मूळ मालकाविरुद्ध खेळायचं नाही, असं करारात लिहिलेलं होतं. जुलैत सही करताना ते वाचून आम्ही दोघं हसलो होतो. जुलैत मे महिना कुणाला दिसतो.

सगळा वसंत तो जीव तोडून खेळला, संघाला ओढत वर आणलं आणि गणित येऊन थांबलं नेमकं त्या एका सामन्यावर. बरोबरी झाली तरी संघ टिकणार होता. हरलो तर खाली. आणि त्या दिवशी गोलात झाखार उभा राहणार होता.

झाखार इथलाच. अडतीस वर्षांचा, टक्कल पडलेला, डावा गुडघा दोनदा फाडून शिवलेला. वर्षभर त्याचं काम म्हणजे सामन्याआधी येफिमच्या हातात चेंडू मारायचे आणि नंतर त्याला धुरावलेला मासा खायला घालायचा. पानगळीत मॉस्कोला झालेला एक सोडला, तर एकही सामना तो खेळला नव्हता.

"वाफा रिकामा ठेवू का तुझ्यासाठी?" झिनाइदा प्रोखोरोव्हनानं मला अंगणातून विचारलं. ती शेपूच्या रांगा आखत होती. "चेर्योमुखाचं झाड फुललंय, म्हणजे थंडी एकदा परत येणार. ती सरली की टोमॅटो बाहेर काढायचे. नाहीतर मी तिथे कोबी घालते."

"सामना होऊ दे."

"सामना तुझा नवरा खेळत नाहीये आणि टोमॅटोही खेळत नाहीयेत."

"कोबी घाला मग," मी म्हणाले.

पण तिनं कोबी घातला नाही. दोन दिवसांनी बघितलं, तर सगळ्या बागेत तेवढा एकच वाफा काळा, मऊ, उघडा पडलेला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी दार वाजलं. झाखार होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा.

"येफिम, जरा तुझे हातमोजे दे. माझे आहेत, पण माझ्या मोज्यांना माहितेय मी कसा आहे."

"आत ये ना."

"आत नको, जातोच आहे. घरी बायको माझ्याकडे अशी बघतेय जणू मी सैन्यात चाललोय. म्हणून लवकर निघालो."

ताया स्वयंपाकघरातून आली. तिनं झाखारकडे बघितलं, त्याच्या बॅगेकडे बघितलं.

"तू बसलास का?"

"काय?"

"निघायच्या आधी. घरी बसलास का?"

"अगं, स्टेडियम पलीकडच्या गल्लीत आहे."

"बस," ताया म्हणाली.

झाखार आत आला आणि आमच्या छोट्या स्टुलावर बसला, गुडघा पुढे लांब करून. आम्ही सगळे बसलो. येफिम त्याच्यासमोर जमिनीवर, हातमोजे मांडीवर घेऊन. वर्षभर याच्या उलटं असायचं. जाणारा येफिम आणि मागे राहणारा झाखार. कुणी हललं नाही. मग तायानं मान डोलावली आणि झाखार उठला.

"गुडघा कसाय?" येफिमनं विचारलं.

"पाऊस येणार म्हणतोय."

"आणि तू?"

"मी गुडघ्याला विचारून सांगतो."

येफिमनं त्याला हातमोजे दिले आणि झाखार मागे न बघता जिना उतरला.

बाकांवर आमच्या एका बाजूला झिनाइदा प्रोखोरोव्हना, मांडीवर सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांची पिशवी. ही जागा तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर तिनं ती सोडली नाही. येफिम तिच्या शेजारी, मग ताया, मग मी. माझ्या नवऱ्याशेजारी बसून मी एकही सामना कधी बघितला नव्हता. त्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. गुडघ्यांवर ठेवायचा, काखेत घालायचा, परत काढायचा. तायानं त्याच्या ओंजळीत बिया ओतल्या.

"धर," ती म्हणाली. "म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत."

मॉस्कोवाले चांगले होते. ते फार चांगले होते हे मला मान्य करावं लागेल. पूर्वार्धात झाखारनं दोन चेंडू पोटानं अडवले, एक खांबानं अडवला. उत्तरार्धात त्यांनी गोल केला, खालून, कोपऱ्यात. येफिमचा सगळा देह त्या कोपऱ्याकडे कलला आणि सगळ्या बिया तायाच्या आणि माझ्या कोटावर सांडल्या.

"तू असतास तर घेतला असतास," मागून कुणीतरी म्हणालं.

येफिम वळला. "नाही," तो म्हणाला. "मीही खाल्ला असता. तो नीट उभा होता."

मग पाऊस आला. गुडघा खरं बोलला होता. कुणी उठलं नाही. झिनाइदा प्रोखोरोव्हनानं बियांची रिकामी पिशवी तायाच्या डोक्यावर घातली. शेवटच्या काही मिनिटांत आम्हाला कॉर्नर मिळाला, गोलासमोर गर्दी झाली, चिखल उडाला आणि चेंडू कुणाच्यातरी पाठीला लागून जाळ्यात गेला. कुणाच्या, ते आजही गावात ठरलेलं नाही. मी किंचाळले बहुतेक. घसा दुसऱ्या दिवशी बसला होता.

आणि अगदी शेवटी मॉस्कोचा एकजण एकटाच निसटला. झाखार पुढे धावला, म्हणजे त्याला जसं धावता येतं तसं. चेंडू सुटला. त्याच क्षणी येफिमनं डावीकडे झेप घेतली आणि तो थेट झिनाइदा प्रोखोरोव्हनाच्या मांडीवर आडवा पडला. खाली चेंडू झाखारच्या त्याच शिवलेल्या गुडघ्याला लागून बाहेर गेला.

शिट्टी वाजली. बरोबरी. आम्ही टिकलो होतो.

"ऊठ आता," झिनाइदा प्रोखोरोव्हना म्हणाली. ती रडत होती आणि त्याच्या पाठीवर थोपटत होती. "ऊठ रे बाळा, माझा नवराही कधी इतका वेळ पडला नव्हता."

झाखार मैदानातून लंगडत आमच्याकडे आला, कठड्याखाली उभा राहिला आणि चिखलानं माखलेले हातमोजे वर फेकले. यावेळी येफिमनं ते झेलले.

मॉस्कोकडून मात्र ठाम उत्तर आलं नाही. संचालकांनी शब्द पाळला, मागणं घातलं. तिकडून सांगण्यात आलं की आमचा एक गोलरक्षक परदेशी जाईल असं दिसतंय, जूनच्या शेवटी बघू. म्हणजे परत तेच. बोलावलं तर मॉस्को, सोडलं तर बेरेगोव्स्क.

चेर्योमुखाची फुलं गळून गेली आणि थंडी सरली. त्या सकाळी मी जागी झाले तर रोपं काचेला टेकली होती. खोक्यांबाहेर मुळं डोकावत होती. त्यांना आता तिथे मावत नव्हतं. मी चहा तसाच ठेवला, दोन्ही हातांत खोकी घेतली आणि खाली गेले.

झिनाइदा प्रोखोरोव्हनानं मला बघितलं आणि फावडं भिंतीला टेकवलं.

"उत्तर आलं?"

"नाही."

"मग?"

"वाफा कुठला म्हणालात?"

ती हसली नाही. फक्त बाजूला सरकली. तिला हे सगळं आधीच माहीत असल्याचा आव तिनं आणला नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

येफिम खड्डे करत होता, मी रोप धरायचे, ताया पाणी घालायची. निम्मं तिच्या बुटांत. खोकी कापून रोप बाहेर काढलं की मातीचा गोळा तसाच राहायचा, खोक्याच्या आकाराचा, चौकोनी. खड्ड्यात ठेवून दाबला की मग आजूबाजूच्या मातीत मिसळायचा. शेवटचं रोप वाकडं होतं. तायानं ते स्वतः लावलं आणि त्याला झाखार नाव दिलं.

काम संपलं तेव्हा आमची कंबर मोडली होती. आम्ही चौघं भिंतीलगतच्या बाकावर ओळीनं बसलो. नदीवरून वारा येत होता, ओल्या मातीचा आणि शेपूचा वास होता. येफिमचे हात मांडीवर उताणे पडले होते, मातीनं भरलेले, आणि पहिल्यांदाच ते काही शोधत नव्हते. कुणाला बोलायचं नव्हतं. इतकं बरं वाटत होतं की मी डोळे मिटले.

ताया आमच्या तोंडांकडे बघत होती. आधी त्याच्याकडे, मग म्हातारीकडे, मग माझ्याकडे. मग ती हळूच सरकून माझ्याजवळ आली आणि माझी बाही धरली.

"आई," ती म्हणाली, "आता कोण चाललंय?"